सिलिकॉन लावताय तर आधी वास घ्या

विमानाच्या पंखात वायर बसवताना ती फासळ्यांच्या (पंखाला आकार देणाऱ्या आतल्या पट्ट्यांच्या) भोकांतून नेऊन जागोजागी सिलिकॉनचा गोळा लावला की झालं, असा सल्ला एकाने दिलाय. वायर हलता कामा नये हे खरं, पण हार्डवेअरच्या दुकानातलं साधं सिलिकॉन वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतं, तोच तो व्हिनेगरचा वास. बंद पंखात ते ॲल्युमिनियम आणि तांबं दोन्ही खातं. लावायचंच असेल तर न्यूट्रल क्युअरवालं, म्हणजे वाळताना हे ॲसिड न सोडणारं, घ्या. शिवाय त्या गोळ्यातून उद्या वायर बदलायची कशी?

आम्ही आरव्ही-७ (किटमधून स्वतः बांधायचं छोटं विमान) च्या पंखात फासळ्यांना भोकं पाडून नागमोडी प्लॅस्टिकचा कॉन्ड्युट, म्हणजे वायरींसाठीची नळी, टाकला आणि वायरींसोबत आत एक रिकामी दोरी सोडली. पुढे पिटो हीटरची (वेग मोजणाऱ्या नळीवर बर्फ धरू नये म्हणून ती तापवणाऱ्या हीटरची) वायर तिलाच बांधून ओढली. जिथे वायर कॉन्ड्युटबाहेर पडते तिथे ॲडेल क्लॅम्प, म्हणजे वायर धरून ठेवणारे रबर लावलेले धातूचे पट्टे. एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या) एसी ४३.१३-१बी या दुरुस्तीच्या मार्गदर्शिकेत आधारांमधलं अंतर २४ इंचांपेक्षा जास्त नको आणि हाताने दाबल्यावर वायर साधारण अर्ध्या इंचापेक्षा जास्त झुकायला नको, असं दिलंय. एलेरॉनचा (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या फळीचा) पुशरॉड, म्हणजे ती हलवणारा दांडा, त्याच फासळ्यांतून जातो, त्यामुळे कंट्रोल स्टिक दोन्ही बाजूंना पूर्ण टेकवून वायर कुठे घासत नाही ना ते टॉर्च लावून बघाच. आणि केबल टायचं शेपूट कापाल तर डोक्याशी अगदी सपाट कापा. तिरकं राहिलेलं टोक ब्लेडसारखं असतं, तपासणीच्या भोकातून हात घातला की कोपरापर्यंत ओरखडे. म्हणून बरेच जुने मेकॅनिक अजून मेणाच्या दोऱ्यानेच गाठी मारतात.