पुण्याच्या जुन्या पेठा एका दिवसात कशा पाहाव्यात?

प्रश्न: पुढच्या महिन्यात आई-वडिलांना घेऊन नागपूरहून पुण्याला येत आहे. शनिवारवाडा तर पाहायचाच आहे, परंतु जुन्या पेठांमधून पायी फिरून शहर समजून घेण्याचीही मनापासून इच्छा आहे. सुरुवात कोठून करावी?

प्रतिसाद १: सकाळी लवकर कसबा गणपतीचे दर्शन घेऊन तांबट आळीत जावे. तांब्याच्या घंगाळावर हातोडीने एकेक ठोका देत मठारकाम करणारे कारागीर तेथे अजूनही दिसतात. त्या ठोक्यांनी पत्र्यावर उमटणारी चकाकती खळी जवळून पाहिल्यावर आपण आपोआपच थबकतो. विकत काही घेतले नाही तरी चालेल, मात्र छायाचित्र काढण्यापूर्वी परवानगी अवश्य घ्यावी.

शनिवारवाडा १७३२ सालचा. १८२८च्या आगीत आतील इमारती जळाल्या, त्यामुळे तट, दिल्ली दरवाजा आणि जोती एवढेच पाहायला मिळते, हे वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे.

प्रतिसाद २: वरील माहितीत थोडी भर घालतो. लाकडी वाडा कसा असे हे समजण्यासाठी विश्रामबागवाड्याचे कोरीव सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडाच्या आकाराचे, खांब पाहावेत. तेथून तुळशीबागेतील राममंदिर आणि मंडई जवळच आहेत. दुपारच्या उन्हाची वेळ केळकर संग्रहालयासाठी राखून ठेवावी. तेथील दिवे आणि अडकित्ते पाहताना आपल्या आईंना माजघरातील कितीतरी वस्तू आठवतील.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. वडिलांचे गुडघे दुखतात, म्हणून मंडईपासून पुढे रिक्षा करू.