मदत हवी आहे: इशापूरची जुनी .३०३ रायफल, लाकूड काळं आणि नळीवर गंज

डॅलसकर: इशापूर कारखान्याची १९४३ची नंबर १ मार्क ३ स्टार (ली-एनफिल्ड रायफलीचं एक मॉडेल) घेतली आहे. लाकूड तेल पिऊन काळं पडलंय, कॉस्मोलीनचा (साठवणीत लावतात त्या ग्रीसचा) चिकटा आहे, दस्त्यावर रुपयाएवढा खळगा आहे आणि दस्ता किंचित हलतो. वरचं लाकडी झाकण काढलं तर नळीवर तांबूस गंज. बेत असा: २२० नंबरचा पॉलिशपेपर, वर पॉलीयुरेथेन, नळीला कोल्ड ब्लू (लोखंड न तापवता गडद करणारं रसायन). चुकतंय का कुठे?

रंधेवाला: तिन्ही ठिकाणी. पॉलिशपेपरने आधी शिक्के जातात आणि मग लोखंडाच्या कडेला लाकूड खाली बसतं. ते परत वर येत नाही, आणि गोळा करणारे हेच पहिल्यांदा बघतात. पॉलीयुरेथेनही नको. या रायफलींना कच्चं जवसाचं तेल लावायची पद्धत होती, तेच लावा.

दस्ता हलतोय म्हणून लगेच मागून पेचकस घालून दस्ता आवळणारा बोल्ट फिरवू नका! या मॉडेलमध्ये त्या लांब बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या पट्टीच्या खाचेत बसतं. पुढचं लाकूड जागेवर असताना बोल्ट फिरला, की ते मागच्या टोकाला चिरतं. बाजारात चिरलेली जी लाकडं दिसतात त्यातली कित्येक अशीच गेलेली.

पेचकस७७: क्रम लिहितो. रायफल रिकामी आहे ना, ते चेंबरमध्ये बोट घालून बघा. रायफलीचा बोल्ट (चेंबर बंद करणारा, दस्त्याचा नव्हे) आणि मॅगझीन काढा. मग नोजकॅप (पुढच्या टोकाची लोखंडी टोपी), पट्ट्या, शेवटी ट्रिगर गार्डचे स्क्रू. पुढच्या स्क्रूखालची छोटी नळी (कॉलर) हरवू नका, ती नसेल तर स्क्रू आवळताना लाकूड चेपतं. लाकूड सरळ खाली ओढा. एक टोक धरून उचकटलं तर मागचे टेकू (ड्रॉज) तुटतात, आणि गोळीचा मागचा धक्का तेच झेलतात. निघाल्यावर तिथे टाचणी टोचून बघा: तेलाने भुसभुशीत झालं असेल तर आधी ते दुरुस्त करायचं.

दस्त्यासाठी बटप्लेटचं झाकण उघडा, आतला बोळा काढा, लांब पेचकस घाला. पातं रुंद हवं. अरुंद पातं खाचेतून निसटून लाकूड फाडतं.

रंधेवाला: तेल काढायला चॉक पावडर मिनरल स्पिरिटमध्ये दह्याएवढी घट्ट कालवून थापा. सुकून पिवळी पडली की झाडा, पुन्हा थापा. तीन-चार वेळा लागेल. काळ्या पिशवीत कागदात गुंडाळून उन्हात ठेवलं तरी चालतं, ओव्हनमध्ये मात्र नको. खळगा: ओलं फडकं, वर तापलेली इस्त्री, ५-१० सेकंद, पुन्हा पुन्हा. दबलेले तंतू फुगून वर येतात. तुटलेले येत नाहीत, तिथे वेळ घालवू नका.

काळालोह: नळीला कोल्ड ब्लू लावलं तर जुन्या रंगाला ठिगळ दिसेल. तांबूस गंज लोखंडाला न खाता काळा करता येतो: नळीवरचं तेल-ग्रीस पूर्ण काढून ती डिस्टिल्ड पाण्यात २०-३० मिनिटं उकळा. तांबडा ऑक्साइड काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो. मग चार शून्य नंबरच्या स्टील वूलने (त्यालाही तेल लागतं, ॲसिटोनने धुऊन घ्या) अलगद घासा, सुकवा, लगेच तेल. व्हिनेगर किंवा फॉस्फोरिक ॲसिडचा गंजनाशक लावू नका, गंजासोबत ब्लूइंगही (नळीचा मूळ गडद रंग) उतरतं.

आणि गोळी झाडण्याआधी चेंबर बंद करणाऱ्या बोल्टचा नंबर रायफलीशी जुळतो का ते पाहा आणि गनस्मिथकडून हेडस्पेस (बंद बोल्टच्या तोंडापासून काडतूस चेंबरमध्ये जिथे टेकतं तिथपर्यंतचं अंतर) मोजून घ्या.

सातारी: भारतातल्या वाचकांसाठी: १९५९च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो. घरी हे करायला बसू नका.

डॅलसकर: तेलाचे तीन हात दिले, तरी लाकूड हाताला चिकटतंय. जास्त झालं का?

रंधेवाला: हो. प्रत्येक हातानंतर अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने पूर्ण पुसायचं, नाहीतर वरचा थर डिंकासारखा होतो. आता टर्पेंटाइनच्या फडक्याने चोळून काढा आणि चार-पाच दिवस मोकळ्या हवेत ठेवा. वापरलेली फडकी बोळा करून फेकू नका, आपोआप पेट घेतात. पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.