गुहागर तालुक्यातील उताराच्या जागेवर चार घरे कशी बसवावीत?

विचारणा

नमस्कार. गुहागर तालुक्यातील एका वाडीत आमची १८ गुंठे वडिलोपार्जित जागा आहे. जुने घर पडून गेले असून त्याचे जोते तेवढे शिल्लक आहे. आम्हा चार भावंडांना तेथे घरे बांधायची आहेत. जमीन रस्त्याकडून पऱ्ह्याकडे (ओढ्याकडे) सरासरी सात मीटरला एक मीटर अशी उतरते, मधून वाडीची पाखाडी (दगडी पायवाट) जाते आणि खालच्या अंगाला शेजाऱ्यांची पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. जेसीबीने जागा सपाट करून एकच तीन मजली इमारत बांधावी, असे ठेकेदाराचे म्हणणे आहे. वाडीतली सगळी घरे मात्र कौलारू आणि बैठी आहेत, आणि आपल्या बांधकामाने तिचे रूप बिघडावे हे आम्हाला मनापासून नको आहे. यातून मार्ग कसा काढावा?

प्रतिसाद १

मी वास्तुरचनाकार आहे. आधी साधा हिशेब पाहावा. या उतारावर २० मीटर रुंदीची सपाटी करायची, तर दोन कडांच्या पातळीत जवळजवळ तीन मीटरचा फरक पडतो. म्हणजे एक तर डोंगर तेवढा कापावा लागेल, किंवा अर्धा कापून अर्धा भराव टाकावा लागेल, आणि नव्या भरावावरचा पाया खचण्याची भीती कायम राहील. याउलट घराची उताराच्या दिशेची रुंदी सहा मीटर ठेवून ते उताराला आडवे, लांबट बसवले, तर फरक ८५ सेंटिमीटरच्या आसपास येतो आणि तो जोत्याच्या उंचीतच सामावतो. कोकणातली जुनी घरे ओटी, माजघर, पडवी अशी लांबट पसरलेली दिसतात, त्यामागे हेही एक कारण असावे. म्हणून चार लहान घरे वेगवेगळ्या पातळ्यांवर घ्यावीत आणि गाड्या वर रस्त्यालगतच थांबवाव्यात. गाडी प्रत्येक दारापर्यंत नेण्याच्या हट्टापायी जितकी जमीन कापली जाते, तितकी घरांसाठीही कापली जात नाही.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे. जमिनीविषयी थोडी भर घालतो. वर कठीण जांभा दिसला म्हणून निश्चिंत राहू नये, कारण त्याच्याखाली पुष्कळ ठिकाणी मऊ, चिकण मातीचा थर असतो. पावसाचे पाणी जांभ्याच्या छिद्रांतून झिरपत त्या थरापर्यंत पोहोचते, तेथे अडते आणि उताराच्या दिशेने वाहू लागते. उभी कड कापून हा थर उघडा पाडला, तर ऐन पावसाळ्यात वरची जमीन सरकू शकते. माळीण (२०१४) आणि तळिये (२०२१) येथील दरडी अतिवृष्टीतच कोसळल्या, हे विसरता येत नाही. जुने गडगे (चिऱ्यांचे कोरडे रचलेले बांध) शक्यतो पाडू नयेत. सुक्या चिऱ्यांच्या फटींतून पाणी निघून जाते, तर काँक्रीटच्या भिंतीला मुद्दाम भोके ठेवून मागे खडी भरावी लागते. शिवाय राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर सर्वसाधारणपणे बांधकाम करता येत नाही. तुमचा १:७ हा आकडा सरासरीचा आहे, त्यामुळे पातळ्यांची मोजणी करून कोणता तुकडा तीव्र आहे ते नकाशावर आधी काढून घ्यावे.

प्रतिसाद ३

मी त्याच भागात राहतो. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला अजिबात घेऊ नका, जांभ्यातून घाण पाणी फार लवकर पाझरते. पाखाडीही आहे तिथेच राहू द्यावी. शिमग्यात पालखी त्याच वाटेने घरोघरी येते आणि खळ्यात (घरापुढच्या अंगणात) नाचवली जाते, त्यामुळे चार घरांना चार लहान अंगणे करण्यापेक्षा जुन्या जोत्यासमोरचे खळे सामाईक ठेवले, तर पालखीला जागा राहील आणि जमीनही कमी कापावी लागेल.

मूळ विचारणाकर्ता

सर्वांचे आभार. सामाईक खळ्याची कल्पना भावंडांना लगेच पटली. जुलैमध्ये भर पावसात जागेवर जाऊन पाणी कुठून वाहते ते पाहू, मोजणी करून घेऊ आणि त्यानंतरच आराखड्याला हात घालू.