शब्दकोडं सॉफ्टवेअर भरतं म्हणे, मग संपादक कशाला?

कोडेखोर: काल इथे एकांनी लिहिलंय की शब्दकोडी आता सॉफ्टवेअर भरतं, दोन कोडी सारखी निघाली तर चोरी कसली आणि संपादक तरी कशाला पोसायचे. अहो, सॉफ्टवेअर भरतं ते उरलेलं! थीमचे, म्हणजे एकाच कल्पनेने जोडलेले, तीन-चार लांब शब्द माणूसच शोधतो, तेही असे की १५ बाय १५ ची चौकट खालची वर फिरवली तरी काळी घरं जागच्या जागी. २०१६ ची भानगड विसरलात? सॉल प्वानसन नावाच्या प्रोग्रामरने जुन्या कोड्यांचा डेटाबेस केला, त्यात युएसए टुडे वगैरे अमेरिकन पेपरांत येणारी, टिमथी पार्कर संपादक असलेली साठाहून जास्त कोडी न्यूयॉर्क टाइम्सच्या कोड्यांशी जुळली, थीमचे शब्दसुद्धा तेच. पार्कर म्हणाला योगायोग. युएसए टुडेने त्याची कोडी बंद केली ती काय उगाच?

उभेआडवे: म्हणजे चोरीचा आरोप संपादकावरच, छान वकिली केलीत :) रचणारा मरमर मरतो आणि संपादक निम्मे क्लू बदलून मोकळा. टाइम्सचं कोडं १९४२ पासून, रोजच्या कोड्यावर रचणाऱ्याचं नाव यायला १९९३ उजाडलं.

कोडेखोर: आणि ते छापायला लागलं कोण? विल शॉर्ट्झ. टाइम्सच्या कोड्यांचा संपादकच ना तो?

डोंबिवलीची मावशी: तुमची अमेरिका राहू द्या हो, आपल्याकडे कोडं छापायच्या आधी कोणी सोडवून तरी बघतं का? परवा आडवं 'नदी', त्याच घरातून उभं 'दिवस'. दीवस लिहू की नदि? आणि क्लू काय, तर 'एक पक्षी', दोन अक्षरी. मोर, घार, हंस, बक, काय टाकू? उभा शब्द तिथून जातच नाही!

उभेआडवे: काकू, मराठीत ह्रस्व-दीर्घाची सूट द्यावीच लागते. इंग्रजीत २६ अक्षरं, इथे क, का, कि, की सगळी वेगळी. प्रत्येक घर दोन्हीकडून जुळवायला गेलात तर अर्धी चौकट काळी होईल.

डोंबिवलीची मावशी: काकू कोणाला म्हणता? सूट द्यायची तर वर तसं छापा. आम्ही काय मनकवडे आहोत?

अकोलेकर: सूट वगैरे काही नको. माझे बाबा एका साप्ताहिकाला कोडी द्यायचे, आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने. एकदा उत्तर होतं विहीर, तिथल्या साहेबांनी क्लू "सोपा" करून 'पाण्याची जागा' केला, लोकांनी तलाव भरलं, त्यात बक्षिसाचं कोडं, भांडणं झाली आणि बंद झालं ते बाबांचंच कोडं. संपादकांचे गोडवे मला नका सांगू.

कोडेखोर: बरं बाबा, काही संपादक गाढव असतात, मान्य. खूश? पण तुमच्या साहेबांना तरी डोक्यावर दुसरा संपादक हवा होता, एवढंच त्यातून दिसतं.

अकोलेकर: वडिलांचं काम गेलं त्यात तुम्हाला मुद्दा दिसतोय, धन्य आहात.

तिरपा शब्द: कालची पोस्ट माझी. थीमला माणूस लागतो, हे टाइम्सच्या बाबतीत घ्या लिहून. पण मराठी कोड्यात थीम असते कुठे? तिथे सॉफ्टवेअरच बरं, निदान दी आणि दि एका घरात कोंबणार नाही.

डोंबिवलीची मावशी: मग करा तुमच्या सॉफ्टवेअरने एक आणि टाका इथे. मी चुका काढायला बसलेच आहे.