मदत हवी आहे : दारू सोडवायची, पण आधी देवाचा कौल

नमस्कार. गोव्यात डिचोली तालुक्यात दारू सोडू पाहणाऱ्यांच्या घरी आम्ही काहीजण समुपदेशनासाठी जातो. अडचण औषधांची नाही, गावाची आहे. आमची स्कूटर दारात दिसली की शेजारणींचं "कोण आजारी?" सुरू. म्हणून एक वहिनी आम्हाला मागच्या दाराने, न्हाणीकडून आत घेतात. मुलीचं लग्न जुळवायचंय, बभ्रा नको.

त्यात सासऱ्यांनी देवळात प्रसाद लावलाय, म्हणजे मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवून कौल मागितलाय. उजवी पाकळी पडेपर्यंत डॉक्टर नको म्हणतात. श्रद्धेवर वाद घालणं आम्हाला पटत नाही (आणि उपयोगही नसतो). पण रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की कंप, भ्रम, कधी आकडीही येते. तेव्हा कौलाची वाट पाहत थांबणं जिवावर बेतू शकतं.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर देतो, पण घरात फोन एकच, तोही नवऱ्याच्या खिशात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ गोपनीयतेचा हक्क देतो. वाड्यावर तो पाळायचा कसा? गुरव किंवा देवस्थानच्या मंडळींना कुणी विश्वासात घेतलंय का? सुरुवात कशी केली? सत्तरी, पेडण्यात काम करणाऱ्यांनी जरूर सांगा.