मदत हवी आहे: बायको फोटोला उभीच राहत नाही

रामबागकर:
मंडळी, जरा लवकर सांगा. पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न आहे. साखरपुड्याला ३०० फोटो निघाले, हिचा एकही धड नाही. कॅमेरा वळला की पदर पोटावर ओढते नि वहिनींच्या मागे सरकते. काल ब्लाऊजचे हूक लागेनात तेव्हा आरशासमोर रडली. "ही मी नाहीच," म्हणाली. "छान दिसतेस" सांगून थकलो.

निशिगंध:
वय? पाळी? थायरॉईड तपासला? काहीच लिहिलं नाहीत.

रामबागकर:
४९. पाळी जाऊन दीड वर्ष झालं. थायरॉईड ठीक.

पोहेवाला:
जिलेबी बंद, पहाटे नेहरू पार्कात चकरा. माझं ८ किलो उतरलं.

निशिगंध:
वजनाचं विचारलंय कुणी? पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं, मांड्यांऐवजी पोटावर चरबी धरते. काटा तोच दाखवतो, ब्लाऊज मात्र बसत नाही. हे तिला कुणी सांगितलंय का?

पोहेवाला:
तरी कंबर मोजाच. आपल्याकडे बायकांना ८० सेंमी, पुरुषांना ९०. त्यापुढे मधुमेहाची भीती. रात्री सराफ्यात खायला जाणं तर सोडाच.

मालवी:
थंडीत एकदा गराडूचा कंद खाल्ला तर काही होत नाही हो.

पोहेवाला:
तळलेला असतो तो!

निशिगंध:
गराडूचा धागा वेगळा काढा. रामबागकर, तुमचं स्वतःचं काय?

रामबागकर:
माझा काय संबंध? ५३. दंड उतरले, शर्ट खांद्यावर लोंबतो. दर रविवारी दार लावून मिशी रंगवतो. याबद्दल घरात कधी बोललो नाही.

निशिगंध:
तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू ३ ते ८ टक्के घटतात, व्यायाम नसेल तर जास्तच. हे तिच्याशी बोला. "छान दिसतेस" पुरे झालं.

सुधामावशी:
मी ७१ वर्षांची. पन्नाशीत मीही अशीच लपायची. मुलाच्या लग्नाच्या अल्बममध्ये माझा नुसता हात आहे, अक्षता धरलेला. नातू विचारतो, आजी कुठंय? सून त्या हातावर बोट ठेवते. आता गुडघे चालतात तेवढं मला पुरतं, पोटाकडे लक्षही जात नाही. पण तो दिवस गेला तो गेलाच. बाळा, जुन्या ब्लाऊजची शिवण उसवत बसू नका. आजच्या मापाचा नवा शिवा.

रामबागकर:
मावशी, तुमचं लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग मिशीचंही सांगितलं. "मला माहीत होतं," म्हणाली. उद्या माप द्यायला निघालीय.

मालवी:
कार्यालय कोणतं घेतलंत? आमच्याकडेही मुहूर्त काढायचाय.