चर्चा बंद दाराआड असू दे, पण पत्रकार कोणी निवडायचे?

शर्वरी_वाचते
ऑक्टोबर २०२५ मध्ये अफगाणिस्तानचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी दिल्लीत आले होते. १० तारखेला त्यांच्या दूतावासात पत्रकार परिषद झाली, तिथे एकही महिला पत्रकार नव्हती. ओरड झाल्यावर १२ तारखेला दुसरी परिषद घेतली, त्यात महिला पहिल्या रांगेत. आमच्या घरी यावरून अजून खडाजंगी होते. भाऊ म्हणतो, राजनैतिक भेटींत खरं बोलणं बंद दाराआडच होतं, मग पत्रकारांना आत घेतलं काय, न घेतलं काय! मला पटत नाही, पण त्याचं तोंड बंद होईल असं उत्तरही सापडत नाही. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने तर आमचा त्या कार्यक्रमाशी संबंध नाही म्हणून हात वर केले. असं चालतं का? आतली माहिती असणाऱ्यांनी लिहा.

रोखठोक
भाऊ बरोबर बोलतोय. आग्रा आठवा, जुलै २००१. वाजपेयी-मुशर्रफ बोलणी चालू असतानाच मुशर्रफांनी भारतीय संपादकांना न्याहारीला बोलावलं आणि काश्मीरवर जे बोलले ते टीव्हीवर झळकलं. संयुक्त निवेदन काही निघालं नाही. कॅमेरा आला की पुढारी समोरच्याशी बोलत नाहीत, आपल्या मतदारांशी बोलतात.

निवृत्त_फोटोवाला
रोखठोक, आग्र्यात तेवढ्या एका न्याहारीने सगळं बिघडलं असं मी म्हणणार नाही, पण कॅमेऱ्याबद्दलचं तुमचं म्हणणं खरं आहे. मार्च २०२१ मध्ये अलास्कात अमेरिका-चीनची बैठक होती. सुरुवातीची दोन-दोन मिनिटांची भाषणं, मग पत्रकार बाहेर, असं ठरलेलं. चीनचे यांग जिएची पंधरा मिनिटांवर बोलले. पत्रकारांना बाहेर काढायला लागले तर अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री ब्लिंकननी थांबवलं, उत्तर दिलं. पुन्हा बाहेर काढायला लागले तर चिनी बाजूने थांबवलं. तासाहून जास्त वेळ भांडण कॅमेऱ्यासमोर. म्हणून बंद दाराला माझा विरोध नाही. १९७८ मध्ये इजिप्त-इस्रायल बोलणी चालू होती तेव्हा अमेरिकेत कॅम्प डेव्हिडला तेरा दिवस पत्रकारांना बाहेरच ठेवलं होतं, आणि करार झाला.

पण शर्वरीताई, तुमचा भाऊ दोन गोष्टींची गल्लत करतोय. दार बंद ठेवायचं की नाही हा एक प्रश्न. दार उघडल्यावर आत कोण जाणार हे कोणी ठरवायचं, हा दुसरा. वाद सगळा दुसऱ्यात आहे.

आत काय होतं ते सांगतो. मी वृत्तसंस्थेसाठी फोटो काढायचो. खोली लहान आणि माणसं फार, म्हणून 'पूल' करतात: मोजकेच जण आत जातात आणि मिळालेला मजकूर, फोटो बाहेरच्या सगळ्यांना देतात. तासभर आधी सामान तपासून घ्यायचं, मग जिन्यात नाहीतर बोळात उभं राहायचं. दार उघडलं की सगळे एकदम आत. दोन खुर्च्या, मधे फुलं, मागे झेंडे. हस्तांदोलन, पुन्हा एकदा हस्तांदोलन कारण डावीकडच्यांना मिळालं नाही. तेवढ्यात बातमीदार एखादा प्रश्न ओरडून टाकतो आणि लगेच कर्मचाऱ्यांचा गजर सुरू: 'थँक्यू, थँक्यू प्रेस!' हे आभार नसतात, निघा असा त्याचा अर्थ. पाठीमागे चालत, दुसऱ्याच्या ट्रायपॉडला अडखळत बाहेर. सगळं मिळून मिनिटभर.

त्या मिनिटाला भाव आहे तो ओरडून टाकलेल्या प्रश्नामुळे. फोटो काय, सरकारी छायाचित्रकारही काढतो आणि संध्याकाळपर्यंत मोफत पाठवून देतो. प्रश्न मात्र सरकारी माणूस विचारत नाही. म्हणून बंदीची कुऱ्हाड पडते ती बातमीदारावर. फोटोवाल्याला सहसा कोणी अडवत नाही. (आम्हाला याचा अभिमान वाटावा की लाज, हे मी अजून ठरवलेलं नाही.)

हॅनोई, फेब्रुवारी २०१९. ट्रम्प आणि किम समोरासमोर, पूलमधल्या बातमीदारांनी ट्रम्पना अडचणीचे प्रश्न विचारले. रात्रीच्या जेवणाच्या वेळी एपी, रॉयटर्स, ब्लूमबर्ग या वृत्तसंस्था आणि लॉस एंजेलिस टाइम्स या दैनिकाच्या बातमीदारांना आत सोडलं नाही. फोटोग्राफर्सना मुभा होती. त्यांनीच आवाज चढवला, एकही लिहिणारा आत नाही हे चालणार नाही म्हणाले, तेव्हा कुठे एका बातमीदाराला घेतलं.

आणि आपल्याकडचंच बघा. सप्टेंबर २०२३ मध्ये जी-२० साठी बायडन आले, मोदींशी भेट पंतप्रधानांच्या निवासस्थानी. अमेरिकेहून सोबत आलेला पूल बाहेर व्हॅनमध्ये बसून राहिला. भेट घरी आहे म्हणून वेगळी पद्धत, असं अमेरिकेच्या सुरक्षा सल्लागारांनी समजावलं. दोन दिवसांनी बायडन हॅनोईत सांगतात की मी मोदींकडे मुक्त पत्रकारितेचा विषय काढला होता. सांगावं लागलं, कारण प्रश्न विचारायला तिथे कोणी नव्हतंच.

शर्वरी_वाचते
हे भावाला वाचून दाखवते. पण दूतावासाचं काय? ती त्यांची जागा ना? आणि यादी कोणीतरी करायलाच लागणार.

निवृत्त_फोटोवाला
दूतावास ही परकी जमीन नव्हे, जमीन यजमान देशाचीच. १९६१ च्या व्हिएन्ना कराराने एवढंच म्हटलंय की परवानगीशिवाय यजमान देशाच्या माणसांनी आत शिरायचं नाही (कलम २२). त्याच करारात कलम ४१ आहे, की राजनैतिक अधिकाऱ्यांनी यजमान देशाचे कायदे पाळायचे. म्हणजे पोलीस पाठवता आले नसते, पण जाहीरपणे चार शब्द सुनावायला कोणी अडवलं होतं? त्याच दिवशी काबूलमधलं आपलं कार्यालय पुन्हा दूतावास करण्याची घोषणा झाली होती, तेव्हा पाहुण्याला दुखवायचं नव्हतं हे उघड आहे. मुत्तकी नंतर म्हणाले, वेळ कमी होता, यादी छोटी होती, मुद्दाम काही नव्हतं. छोट्या यादीत चुकूनसुद्धा एक बाई नाही! बरं, आत बसलेले आमचे पुरुष सहकारी? एकाने जरी पहिल्याच प्रश्नाला 'आमच्या महिला सहकारी कुठे आहेत' म्हटलं असतं, तर तीच त्या दिवशीची बातमी झाली असती.

यादी लागतेच, कबूल. ती बनवणारा हात कोणाचा, एवढंच बघायचं. व्हाइट हाउसचा रोजचा पूल वर्षानुवर्षं पत्रकारांची संघटना ठरवायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते काम सरकारने स्वतःकडे घेतलं. त्याच आठवड्यात युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की ओव्हल ऑफिसमध्ये, म्हणजे ट्रम्पच्या कचेरीत आले, ते गाजलेलं भांडण झालं, आणि त्या दिवशीच्या पूलमध्ये एपीचा बातमीदार नव्हता, रॉयटर्सचा नव्हता. रशियाच्या सरकारी 'तास' वृत्तसंस्थेचा माणूस मात्र पोचला होता. मंजूर यादीत त्याचं नाव नव्हतं म्हणून मग बाहेर काढला.

गुळवणी_बाई
तुमच्या उदाहरणांत एक भर. जिनिव्हाला जागतिक आरोग्य परिषद भरते, तिथे तैवानच्या पत्रकारांना मान्यतापत्र नाकारतात. संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलेल्या देशांचीच माध्यमं चालतात म्हणे. म्हणजे पत्रकार काय विचारणार इथपर्यंत प्रकरण जातच नाही, पासपोर्टवरच अडतं. यात दारावरच्या माणसाचा दुष्टपणा नाही, नियमच तसा. मला तर हे जास्त अवघड वाटतं, कारण भांडायचं कोणाशी?

रोखठोक
फोटोवाले, आग्र्यावरचं माझं मत तेच आहे, बोलणी बंद खोलीतच व्हावीत. पण 'तास'चा माणूस आत आणि एपी बाहेर, हे वाचून गप्प बसलो. शर्वरी, भावाला सांगा, माझी बाजू त्याने जपून वापरावी.